कौटुंबिक मध्यस्थी, नऊ महिन्यांनंतर : खर्च कुठे होतो, वेळ कुठे जातो

मध्यस्थीला किती पैसे लागतात, असं गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तिघी जणींनी मला विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. माझं प्रकरण नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातलं. घटस्फोट, पोटगी आणि सात वर्षांच्या मुलाचा ताबा. तडजोडीवर सह्या होऊन आता नऊ महिने झालेत, त्यामुळे कागदावर ठरलेलं प्रत्यक्षात कसं चालतं तेही सांगता येईल.

आधी आमची चूक सांगते. कोर्टात जाण्यापूर्वी आम्ही एका खाजगी केंद्रात गेलो. एका बैठकीचे दोन हजार, अशा पाच बैठका. शेवटी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘परस्पर संमतीने विभक्त’ असं लिहून, नोटरी करून हातात दिलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. माझ्या बाबांनी तो कागद ओळखीतल्या वकील मॅडमना दाखवला, तेव्हा कळलं की आमचं लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. दहा हजार गेले आणि चार महिनेही. सगळेच खाजगी मध्यस्थ असे असतात असं मी म्हणणार नाही. पण पैसे देण्याआधी विचारा : बैठका साधारण किती, फी कोणी किती भरायची आणि शेवटी मिळणारा कागद कोर्टात कसा दाखल होणार.

कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीत आम्हाला मध्यस्थांची फी द्यावी लागली नाही. त्यांचं मानधन विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून येतं. अर्जाला कोर्ट फीही लागली नाही, कारण महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी, लग्नसंबंधातले मालमत्तेचे वाद आणि हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्रियांना ती माफ आहे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. हे मला कळेपर्यंत माझं वकीलपत्र, म्हणजे खाजगी वकील नेमल्याचा कागद, दाखल झालं होतं. तुम्ही आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन या.

मग पैसे गेले कुठे? तारखांमध्ये. वकिलांच्या ठरलेल्या फीत मध्यस्थीच्या तारखा धरलेल्या नव्हत्या, हे मी विचारलंच नव्हतं. प्रत्येक तारखेचे हजार रुपये वेगळे गेले. मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, तिथला एक दिवसाचा पगार कापला जायचा. मुलाचे बाबा पुण्याहून येत, म्हणजे त्यांचीही रजा आणि जायचं-यायचं भाडं. एका तारखेला मी पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट न्यायला विसरले. पोटगीचा आकडा ठरेना, पुढची तारीख पडली, दोघांचाही दिवस फुकट गेला.

पहिला टप्पा विवाह समुपदेशकांचा. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम ९ आहे, कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. आमच्या तिथे दोन बैठका झाल्या. पुन्हा नांदायचं नाही हे दोघांच्या तोंडून स्पष्ट आल्यावर कोर्टाने मध्यस्थीकडे पाठवलं. तिथल्या मध्यस्थ मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, कोर्टाला मी फक्त तडजोड झाली की नाही एवढंच कळवणार. ते ऐकून माझा आवाज पहिल्यांदा खाली आला.

पहिली बैठक समोरासमोर झाली आणि ती नुसत्या आरोपांत गेली. खरं काम झालं ते स्वतंत्र बैठकांमध्ये. मॅडम एकेकाला आत बोलवायच्या, दुसऱ्याने बाहेर बाकावर बसायचं. दिवाळीवरून आमचं अडलं होतं. दिवाळीत मूल माझ्याकडेच, असं दोघंही म्हणत होतो. मॅडमनी मला विचारलं, ‘दिवाळीतला कोणता दिवस तुम्हाला सोडवत नाही?’ मी म्हटलं, भाऊबीज. माझी भाची त्याला ओवाळते. मॅडमनी मुलाच्या बाबांनाही तेच विचारलं असणार, कारण त्यांचं उत्तर आलं लक्ष्मीपूजन, आजीजवळ. दोघांना हवे होते ते दिवस वेगळेच होते. तीन तारखा आम्ही ज्यावर भांडलो, ते वीस मिनिटांत कागदावर आलं. स्त्रीधनाची यादीही अशीच झाली. चार पाटल्या, एक मोहनमाळ, चांदीची समई. एकेका वस्तूपुढे ‘मिळाली’ लिहून दोघांच्या सह्या.

घरात मारहाण झाली असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, समोरासमोर बसू नका. स्वतंत्र बैठकीचा आग्रह धरा.

तडजोडीनंतर आमचा अर्ज संमतीच्या घटस्फोटात बदलला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये सहा महिने थांबायची अट आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट ती माफ करू शकतं. आम्ही पावणेदोन वर्षं वेगळे राहत होतो, पोटगी आणि ताबा दोन्ही ठरलं होतं, तसा अर्ज दिला आणि माफी मिळाली. पोटगीची एकरकमी रक्कम दोन डीडींत घेतली, दुसरा शेवटच्या जबाबाच्या दिवशी. वकील मॅडमचा हा सल्ला फार मोलाचा ठरला.

आता नऊ महिन्यांचा हिशोब. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकराला मी मुलाला त्याच्या बाबांकडे सोपवायला नाशिकरोडला बिटको चौकात घेऊन जाते, रविवारी संध्याकाळी सहाला परत घेते. यात एकदाही वाद झाला नाही, कारण वार, वेळ, जागा सगळं कागदावर आहे. दिवाळीही ठरल्याप्रमाणे झाली. लक्ष्मीपूजनाला घर रिकामं होतं आणि मला फार जड गेलं, पण भाऊबीजेला तो पाटावर बसला होता.

अडतंय ते एकाच ठिकाणी. मे महिन्याच्या सुट्टीबद्दल आम्ही ‘दोघांच्या सोयीनुसार’ असं लिहिलं. तेव्हा सगळे दमलो होतो, ते मॅडमनाही खटकलं होतं, तरी मीच म्हटलं, राहू द्या. आता पोहण्याचा क्लास माझ्या सोयीचा आणि पुण्याची चुलत भावंडं त्यांच्या सोयीची. परवा फोनवर आम्ही दोघांनी मान्य केलं की सुट्टीचे पहिले वीस दिवस पुणे, उरलेले नाशिक, आणि हे दोघांच्या सहीने लिहून घ्यायचं. मसुदा मी वहीत केलाय. येत्या शनिवारी बिटको चौकात जाताना सोबत नेणार आहे.