कातळावर काय लावायचं, हापूस की काजू?

सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून पडून असलेला सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळरान आहे आणि आता तिथे काहीतरी करायचं मनात आहे, अशांसाठी लिहितोय. राजापूरकडच्या आमच्या कातळावर मी दोन्ही लावलंय. ब्रेकरने खड्डे, बाहेरची माती, शेणखत, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी, हे दोघांनाही सारखंच. फक्त आधी कातळ नीट झाडून बघा, कुठे कातळशिल्प असेल तर तिथे ब्रेकर अजिबात लावू नका, 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलीयत, आपल्या हातून जायला नकोत.

हापूसला नाव आहे, भाव आहे, आणि कातळावरच्या फळाची गोडी वेगळीच असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, मलाही ते पटतं. पण फवारणी! मोहोर आला की तुडतुडे, मग थ्रिप्स, मधेच मळभ आलं की भुरी आणि करपा. सड्यावर विहीर नाही, म्हणजे प्रत्येक वेळी खालून टाकी भरायची, टेम्पोने कच्च्या रस्त्यावरून वर चढवायची, वाटेत निम्मं पाणी हिंदकळून सांडतं, गडी येईपर्यंत ऊन वर येतं आणि वारा सुटतो, मग औषध झाडापेक्षा गवतावरच जास्त पडतं. एवढं करून रात्री अवकाळी सर आली की सगळं धुऊन परत पहिल्यापासून. मला खरं तर तिथेच नको झालं.

काजूलाही ढेकण्या लागतो, नाही असं नाही, पण माझं तरी दोन-तीन फवारण्यांत भागतं. बी खाली पडली की वेचायची, वाळवून पोत्यात ठेवली की भाव बघून विकता येते, आंबा तसा थांबत नाही. आफ्रिकेतून बी आली की इथला भाव पडतो, ते दुखणं आहेच. वणव्याची भीती दोघांनाही, दिवाळीनंतर गवत काढून बागेभोवती पट्टा मोकळा ठेवायलाच हवा.

वर बोअर किंवा शेततळं असेल आणि घरचं माणूस गावात असेल तर हापूस जरूर लावा, उत्पन्न त्यात जास्त निघू शकतं. पण नोकरी मुंबईला आणि सडा कोरडा असेल तर मी काजूच म्हणेन. वेंगुर्ला 4 किंवा 7 या काजूच्या जातींची कलमं घ्या, 7 ची बी चांगली मोठी असते, 7 बाय 7 मीटरवर हेक्टरी 200 बसतात, खड्डे मात्र मे महिन्यातच मारून ठेवा.