मोतिया की हस्तिदंती? गणपतीच्या खोलीसाठी दोन रंगांची तुलना

फोंडा तालुक्यातील आमच्या घरात ज्या खोलीत गणपती बसतो, तिला रंग द्यायचे ठरले तेव्हा शेडकार्डावरील मोतिया आणि हस्तिदंती हे दोनच रंग शेवटपर्यंत उरले. दोन्ही एकाच कंपनीचे इमल्शन, दरही सारखाच. कार्डावर शेजारी धरले तर फरक जवळजवळ दिसत नव्हता. तो कळला दुकानातील मशीनवर: पांढऱ्या बेसमध्ये हस्तिदंतीसाठी पिवळ्यासोबत किंचित काळा पडला, मोतियासाठी किंचित तांबडा.

मे महिन्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन, प्रत्येकी दोन हात देऊन, रंगवून घेतले. उन्हाळ्यात हस्तिदंती अधिक शांत वाटला आणि मी तोच घेणार होतो. परंतु जूनमध्ये पाऊस लागला, बाहेरचे कुळागर, म्हणजे घरामागची बागायत, गडद झाले आणि ढगाळ दुपारी पोफळी-केळींवरून आत येणाऱ्या उजेडात तो चौकोन शेवाळ धरू लागलेल्या भिंतीसारखा हिरवट दिसू लागला. मोतियातील तांबडी छटा मात्र त्या हिरव्या उजेडाला तोलून धरत होती. त्यामुळे भिंत भर पावसातही स्वच्छ दिसे.

चवथीपूर्वी खोली रंगवून व्हावी, असा घरच्यांचा आग्रह होता. चिऱ्याच्या भिंतीत ओल असताना इमल्शन लावले तर पुढे फोड येऊन पापुद्रे सुटतात, म्हणून मी तो मानला नाही आणि त्या दोन चौकोनांसमोरच माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधली. हीच खरी परीक्षा ठरली. सुपारीच्या घडाचा हिरवा-पिवळा रंग हस्तिदंतीपुढे विरून जाई. मोतियापुढे कवंडळाची तांबडी रानफळे आणि आंब्याची पाने वेगवेगळी उठून दिसत. समईच्या उजेडात दोन्ही चौकोन एकच भासत, हेही नमूद केले पाहिजे.

मोतियात एक उणीव आहे: ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तो किंचित गुलाबी होतो, आणि ज्यांना रात्री तसाच दिवा लागतो त्यांना तो खटकेल. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हा दोष दिसत नाही, हस्तिदंती मात्र तिथे राखाडी पडतो. ज्यांच्या खिडकीसमोर झाडे नसून मोकळे अंगण आहे, त्यांनी हस्तिदंती निःशंक घ्यावा.

दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर आम्ही मोतिया रंग लावायला घेतला. दोन डब्यांच्या छटेत थोडा फरक निघाला, तेव्हा रंगाऱ्याने दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच ब्रश हाती घेतला.