जिम शोधायला हे ॲप मस्त आहे, हेल्दी खाणं मात्र स्वतःच तपासा

बरेच महिने वापरतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकच मेंबरशिप घ्यायची आणि शहरातल्या त्यांच्याशी जोडलेल्या कुठल्याही जिम, योगा क्लास नाहीतर स्विमिंग पूलला जायचं, शिवाय मॅपवर हेल्दी खाण्याची ठिकाणं पण दिसतात. नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे.

सगळ्यात जास्त आवडलं ते रस्त्याचं फिल्टर. घरापासून किती लांब हे सगळेच दाखवतात, यात ऑफिस ते घर टाकलं की वाटेवरचीच ठिकाणं येतात, आणि मोठ्या शहरात तेच बघायला पाहिजे, कारण उलट्या दिशेचं जिम कितीही भारी असलं तरी ट्रॅफिकमुळे दोन आठवड्यांत सुटतं. डब्ल्यूएचओ म्हणते आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आता त्या अर्ध्या तासासाठी तासभर गाडीत बसावं लागलं तर कोण टिकणार सांगा.

फोटोंवर अजिबात जाऊ नका, सगळे रिकाम्या जिमचे असतात. ट्रायल बुक करताना तुम्ही रोज ज्या वेळेला जाणार तीच वेळ घ्या. दुपारी ऐसपैस वाटलेल्या जिममध्ये संध्याकाळी सातला स्क्वॉट रॅकसाठी (वजनाचा बार खांद्यावर घेऊन उठाबशा काढायचा स्टँड) लाइन लागलेली होती, ट्रेडमिल तर सोडाच. ट्रेनर कसा आहे हे पण ट्रायललाच कळतं. एकाने आल्या आल्या प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला. दुसऱ्या जिममधल्या ताईंनी आधी गुडघा, कंबर, बीपी सगळं विचारलं, मग नुसता रिकामा बार देऊन स्क्वॉट करायला लावला आणि मोबाइलवर शूट करून दाखवलं की खाली जाताना टाच उचलली जातेय, वजन नंतर वाढवू म्हणाल्या. मी तिथेच जातो आता. अजून एक, एईडी मशीन (हृदयाला शॉक देऊन ते पुन्हा नीट चालू करायचं यंत्र) कुठे ठेवलंय हे रिसेप्शनला नक्की विचारा, कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर एकेक मिनिट मोलाचं असतं आणि उत्तर पटकन आलं नाही तर समजून जा.

आता खाण्याचं. इथे ॲप खरंच कमी पडतं, आणि मला याचा राग येतो कारण लोक विश्वासाने ऑर्डर करतात. हेल्दी हा टॅग हॉटेलवाले स्वतःच लावतात, सपोर्टला विचारलं तर त्यांनी पण हेच सांगितलं. मी मागवलेल्या सॅलडमध्ये तळाला ड्रेसिंगचं तेल साचलेलं होतं. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, तसे दोन-तीन गेले की भाज्यांपेक्षा तेलाच्याच कॅलरी जास्त होतात, त्यामुळे ड्रेसिंग वेगळं द्या असं नोटमध्ये लिहायचंच. स्मूदीवर साखर नाही असं लिहिलेलं असतं आणि आत ज्यूस आणि मध, पण डब्ल्यूएचओच्या हिशोबात ज्यूस आणि मधातली साखर पण फ्री शुगरच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखीच धरतात, २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आत. मोठा ग्लास घेतला तर त्यातलं बरंचसं तिथेच संपतं. मिठाचा आकडा तर कुठेच देत नाहीत, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं असताना. ज्या दोन-तीन ठिकाणी वजन आणि प्रोटीन ग्रॅममध्ये दिलेलं असतं तिथूनच मी मागवतो.

बुकिंग, पॉज वगैरे व्यवस्थित चालतं, फक्त उशिरा कॅन्सल केलं की क्रेडिट कापतात. ऑटो रिन्यू आधीच बंद करून ठेवा.

आणि डेव्हलपर वाचत असतील तर एक विनंती, बागेतले पुलअप बार, सगळ्यांसाठी उघडे असलेले ४०० मीटरचे ट्रॅक, हे मॅपवर टाका ना. यातून तुम्हाला कमिशन मिळणार नाही हे कळतं, पण ज्यांना मेंबरशिप परवडत नाही त्यांनाही हे ॲप उघडता येईल.