मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन : मुलांच्या बाजूने पाचपैकी चार गुण, चर्च-मठ चालवणाऱ्यांच्या बाजूने दोनच

मोफत, २४ तास, नाव सांगायची सक्ती नाही. अडचणीतल्या मुलासाठी ही सोय उत्तम. वसतिगृहाच्या भिंतीवर नंबर मुलांच्या नजरेच्या उंचीला लिहावा, ऑफिसातल्या नोटीस बोर्डावर नव्हे. संस्थाचालकांसाठी मात्र सेवा अपुरी आहे, कारण फोन केला की सुटलो असं ते धरून चालतात.

पॉक्सो म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा शोषणाची खबर द्यायची ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. १०९८ वर आलेली माहिती पोलिसांकडे लगेच जायला हवी, असं २०२० चे नियम सांगतात. पण तुमच्या हातात कागद राहत नाही. म्हणून फोननंतर ठाणं गाठा. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, जवळ असेल ते. गुन्हा गडहिंग्लजला घडला असला तरी शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात) नोंद होते, तेव्हा ‘हद्द आमची नाही’ ऐकून परत फिरू नका. नोंद क्रमांक मागा, लिहिलेलं वाचून घ्या, अधिकाऱ्याचं आणि त्याच्या वरिष्ठाचं नाव, फोन टिपून ठेवा. पुढच्या २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांचं काम.

ठाण्यात जाण्याआधी विश्वस्तांची बैठक नको. चार जणांनी मुलाला पुन्हा पुन्हा विचारलं की सांगण्यात फरक पडतो आणि उलटतपासणीत नेमकं तेच धरलं जातं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा. पुरावा गोळा करणं तुमच्याकडे नाही.

कन्फेशनचा, म्हणजे फादरपुढे गुप्तपणे दिलेल्या पापाच्या कबुलीचा, पेच हेल्पलाइनवर सुटत नाही. कॅथलिक धर्मकायद्याच्या कलम ९८३ ने कन्फेशनची गुप्तता अभंग ठरवली आहे. ती थेट मोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो. इकडे पॉक्सोच्या कलम १९ मध्ये धर्मगुरूंना सूट नाही, आणि पुरावा कायद्यात वकिलाला आहे तसं संरक्षणही नाही. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं दडवलं तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये कन्फेशनचा कायद्यात थेट उल्लेख केला, आपल्याकडे तेवढी स्पष्टता नाही. त्यातल्या त्यात वाट अशी : मुलाने तिथे सांगितलं, तर तेच बाहेर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायला त्याला तयार करा, त्या मोठ्या माणसाने त्याच दिवशी ठाणं गाठावं. कोल्हापुरातल्या जुन्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांत असं कन्फेशन नाही, त्यामुळे घरभेटीत पाळकाच्या कानावर आलेल्या गोष्टीला हाही आडोसा नाही. मठातल्या महाराजांपुढे दिलेल्या कबुलीचं तेच.

मुलाला सीपीआरला (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) नेताना आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. तातडीच्या उपचारासाठी डॉक्टरांना पोलिसांचं पत्र मागता येत नाही.