जिप्सीचं नकल किट: सील चालतील, बेअरिंग वेगळी घ्या

ताशी साठच्या आसपास खड्डा लागतो आणि स्टिअरिंग हातात थडथड उडायला लागतं. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते शांत होत नाही. जुन्या मारुती जिप्सीचं हे ठरलेलं दुखणं. त्यावर आधी व्हील बॅलन्सिंग होतं, मग टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलतात, शेवटी स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा). डँपरने ही थडथड, म्हणजे व्हॉबलिंग, दबतं, पण त्याचं कारण जागेवरच राहतं. बहुतेक गाड्यांत ते किंगपिनच्या (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिच्या) बेअरिंगमध्ये असतं, आणि त्यासाठीच बाजारात हे ‘नकल ओव्हरहॉल किट’ मिळतं (नकल म्हणजे चाक धरून वळणारा टोकाचा भाग): पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत काश्मिरी गेटला, ऑनलाइनही. १९८५ च्या एमजी ४१० पासून जिप्सी किंगपर्यंत (एमजी ४१३) पुढच्या नकलची मांडणी तीच असली, तरी किट घेताना मॉडेल सांगाच. ४१० आणि ४१३ चे सगळे पार्ट सारखे नाहीत.

किट घेण्याआधी दोष नक्की करा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. खेळ तसाच राहिला तर किंगपिन. ही दोन मिनिटांची तपासणी न करता किट घेणं म्हणजे अंदाजावर पैसे घालवणं.

बिननावाच्या साध्या किटमध्ये साधारणपणे चार किंगपिन बेअरिंग रेससकट (रेस म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी), दोन्ही बाजूंचे फेल्ट (नमद्याचे) आणि रबर सील, अ‍ॅक्सलची दोन आतली सील, गॅस्केट आणि थोड्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) येतात. फेल्ट आणि गॅस्केट कामापुरते ठीक. रबर सील बोटाने वाकवून पाहा. कडक वाटलं तर परत करा, कारण ते नकलच्या आतल्या गोल बॉलवर नीट बसणार नाही आणि पहिल्याच पावसाळी नदीपात्रात चिखल आत जाईल. आतलं सील मात्र ओरिजिनलच घ्या. ते गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या अंगाला काळा रस गळायला लागतो. सील नवं असूनही गळत असेल तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं तोंड) पाहा. तो मातीने बुजला की आतल्या दाबाला दुसरी वाट उरत नाही.

किटची खरी कमजोरी बेअरिंगमध्ये आहे. त्यावर ना कंपनीचं नाव, ना नीट नंबर. किंगपिनचं बेअरिंग पूर्ण फिरत नाही, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे एवढंच. त्यामुळे रोलर रेसच्या त्याच जागी आदळत राहतात आणि तिथे खाचा पडतात. मऊ धातूचं बेअरिंग असेल तर या खाचा लवकर पडतात, आणि स्टिअरिंग सरळ ठेवलं की खटकन अडकल्यासारखं होतं. जुन्या बेअरिंगचा नंबर वाचून नामांकित कंपनीचं घ्या. रेस जुनी ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं हा दुसरा घोळ. रेस पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकून काढाच.

किटमध्ये शिम पुरेशा नसतात, आणि सगळा खेळ शिमचाच आहे. जाड ०.५ आणि पातळ ०.१ मिलिमीटर, दोन्ही हव्यात. खोलताना वरच्या आणि खालच्या किंगपिनखालच्या जुन्या शिम वेगवेगळ्या पिशवीत खूण करून ठेवा. कॅलिपर होजवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. नकल ओढताना खालचं बेअरिंग पडतं, हात खाली ठेवा. जोडताना सीलची रिंग आधी बॉलवरून मागे चढवा, मग नकल. विसरलात तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

किंगपिन किती घट्ट हवा त्याचं मोजमाप असं: टाय रॉड सुटा, फेल्ट-सील अजून न बसवलेलं, किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरला आवळलेले. टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल हलायला लागतं त्या क्षणी काटा १.० ते १.८ किलोच्या दरम्यान हवा. कमी आला तर ०.१ ची शिम काढा, जास्त आला तर घाला. वर-खाली शक्यतो सारख्याच, म्हणजे नकल मध्यावर राहील. नव्या बेअरिंगवर जुन्याच शिम लावून गाडी परत दिली जाते, आणि महिन्याभरात व्हॉबलिंग परत येतं, ते इथेच. फार आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. स्प्रिंग काटा किटच्या मानाने अगदी स्वस्त, आणि मला विचाराल तर सबंध किटपेक्षा मोलाचा.

बर्फील्ड जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा नकलमधला सांधा) रॉकेलने धुऊन मॉलिब्डेनमवाल्या लिथियम ग्रीसने गच्च भरा. एक किलोचा डबा दोन्ही बाजूंना पुरून उरतो. स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याच्या) आतलं बुश बहुतेक किटमध्ये नसतं. शाफ्ट त्यात खुळखुळत असेल तर ते वेगळं आणा. व्हील बेअरिंगचा नट चाक फिरवत ८० न्यूटन-मीटरला आवळा, पूर्ण सैल करा, मग १० ते १५ ला थांबा आणि लॉक नट ६० ते ९० ला. पुढच्या डिफरन्शियलमध्ये नव्वद नंबरचं जीएल-५ गिअर तेल दोन लिटर.

किंगपिनचे बोल्ट सैल होणं हीही जिप्सीची जुनी खोड. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून पाहा. २३५ चे टायर चढवलेल्या गाडीत ही तपासणी दर सर्व्हिसला करावी, कारण वजनदार चाक सैलपणा लगेच दाखवतं.

फेल्ट, गॅस्केट आणि तपासून घेतलेल्या रबर सीलसाठी किटला ५ पैकी ३. त्यातली बेअरिंग गाडीला लावू नका. पहिल्या बाजूला अख्खा दिवस जातो, दुसरी अर्ध्या दिवसात होते. शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) तपासून घ्या, मगच हायवेला काढा.