पिनबॉल एफएक्स घ्यायचा की डीमन्स टिल्ट?

ऐरोलीच्या मावसभावाने परवा विचारलं, दादा, पिनबॉलचा एकच गेम घ्यायचाय, कुठला घेऊ? त्याला फोनवर जे सांगितलं तेच लिहितोय, कारण मी दोन्ही भरपूर खेळलोय.

पिनबॉल एफएक्स बुडापेस्टच्या झेन स्टुडिओजचा. स्टुडिओ २००३ चा, पहिला एफएक्स २००७ ला आला आणि तेव्हापासून ही मंडळी पिनबॉलला चिकटूनच आहेत. गेम फुकट डाउनलोड होतो, पण टेबलं, म्हणजे गेममधली एकेक वेगळी पिनबॉल मशिन्स, विकत घ्यावी लागतात, सुटी नाहीतर पॅकमध्ये, आणि इथेच खिसा कधी रिकामा होतो कळत नाही. पण २०१८ ला झेनकडे विल्यम्स-बॅली या जुन्या अमेरिकन पिनबॉल कंपन्यांच्या खऱ्या मशिन्सचं लायसन्स आलं ना, ती टेबलं खरंच सोनं आहेत. १९९७ चं मेडिव्हल मॅडनेस घ्या, समोर किल्ला, पुलावर बॉल मारत राहायचं, मग पूल खाली येतो, आतल्या दारावर मारायचं आणि शेवटी अख्खा किल्ला थरथरत कोसळतो. ठाण्यात असं खरं मशीन मी कुठे बघितलेलं नाही, त्यामुळे मला तरी हे घरात मिळतंय याचंच अप्रूप जास्त.

डीमन्स टिल्ट एकदम वेगळा. विझनवॉरने बनवलेला, २०१९ चा, आणि एका गेमच्या पैशात एकच टेबल. पण ते टेबल तीन मजली आहे, प्रत्येक मजल्याला स्वतःचे फ्लिपर, म्हणजे बॉल वर उडवायच्या दांड्या, वरून बॉल निसटला तर मधल्यावर पडतो, तिथून निसटला तर खालच्यावर, आणि तिथूनही गेला की मग खरा गेला. त्यात शत्रू गोळ्या सोडतात त्या बॉलला आडव्या येतात, पिक्सलवाली चित्रं, कानात घणाघाती म्युझिक, पहिल्या दिवशी तर बॉल कुठाय तेच दिसत नाही. खऱ्या मशीनसारखा बॉलचा जडपणा हवा असेल तर हा गेम नाही, तिथे एफएक्सच.

तरी भावाला मी डीमन्स टिल्टच सांगितला. आम्ही दोघं नौपाड्याच्या कम्प्युटर क्लासमध्ये स्पेस कॅडेट, म्हणजे जुन्या विंडोजमधला पिनबॉल, खेळून मोठे झालो, सर चहाला गेले की फ्लिपरच्या झेड आणि स्लॅश बटणांवर बोटं. तेव्हा एकच टेबल होतं म्हणून तर त्याचा कोपरा न् कोपरा पाठ झाला, कुठल्या रॅम्पला बॉल किती उशिरा मारायचा हे हाताला कळायचं. एफएक्समध्ये मी दहा मिनिटं एक टेबल, दहा मिनिटं दुसरं असं करत बसतो आणि एकही धड येत नाही.

ज्याला जुन्या मशिन्सचं वेड आहे त्याने मात्र एफएक्सच घ्यावा, विल्यम्सच्या एका पॅकपासून सुरुवात करावी. आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, म्हणून घेतल्या घेतल्या त्याच वीकेंडला बसा.