हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या: गाव शोधायचं असेल तर पैसे वसूल, पण ब्रेमनवाल्यांनी आधी वाचा

नवरा विस्कॉन्सिनचा, सासरचे सगळे मूळचे जर्मन, पण नेमकं कुठलं गाव ते घरात कुणालाच माहीत नाही. अमेरिकेत उतरल्याच्या जुन्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा नुसतं प्रशिया नाहीतर जर्मनी एवढंच लिहिलेलं असतं, त्याचा काय उपयोग? म्हणून निघतानाच्या याद्या बघायच्या. हॅम्बुर्ग या जर्मन बंदराच्या 1850 ते 1934 च्या याद्या आहेत, जवळपास 50 लाख माणसं, आणि त्यात वय, धंदा आणि मुख्य म्हणजे गाव दिलेलं असतं. एका मोठ्या पेड साइटवर सगळं स्कॅन केलेलं आहे, मी तिथेच महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं.

स्कॅन एकदम स्वच्छ, पाच स्टार. सर्च मात्र डोकं फिरवतो. मूळ लिखाण कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहे, म्हणजे आपल्या मोडीसारखाच प्रकार, त्यात ई हे अक्षर एन सारखं दिसतं, त्यामुळे इंडेक्स करणाऱ्यांनी आडनावांची पार वाट लावलीय. आमचे श्रोडर मला श्राडरमध्ये मिळाले. आडनाव अर्धवटच लिहा आणि पहिलं नाव, वय आणि बायकापोरांची नावं यावरून शोधा, कुटुंब एकत्र निघालेलं असेल तर पटकन सापडतं.

अजून एक, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशा वेगळ्या याद्या आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. स्वस्तात जाणारे लोक हॅम्बुर्गहून बोटीने इंग्लंडातल्या हल या बंदरात, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग अमेरिकेची बोट असे जायचे, त्यांची नोंद इनडायरेक्टमध्ये. तुम्ही न्यूयॉर्कच्याच बोटी धुंडाळत बसलात तर जन्मात सापडणार नाहीत.

गाव मिळालं तरी लगेच नाचू नका हां. आमचं निघालं नॉयेनडॉर्फ, आणि पोमेरेनिया या जुन्या प्रशियन प्रांतात या नावाची गावं ढिगाने! मग मायर्स गॅझेटियर उघडायचं, ते ऑनलाइन फुकट आहे, जुन्या जर्मन साम्राज्यातली गावं जिल्ह्यासकट मिळतात.

आता ब्रेमन, जर्मनीचं दुसरं मोठं बंदर. तिथून माणसं हॅम्बुर्गपेक्षाही जास्त गेली, पण जागा नाही म्हणून 1875 ते 1908 मध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या याद्या सरळ नष्ट करायचे, उरलेल्यातल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. काय म्हणावं या लोकांना! 1920 ते 1939 च्या काही वाचल्या, त्या दी माउस या तिथल्या वंशावळ मंडळाच्या लोकांनी टाइप करून साइटवर फुकट ठेवल्यात, साइट दिसायला जुनाट पण सर्च मस्त. तुमचे पणजोबा 1880 च्या आसपास ब्रेमनहून निघालेले असतील तर इथे पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या चर्चच्या नोंदी बघा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदीत कधी कधी गाव लिहिलेलं असतं.

आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन अजिबात घेऊ नका. अमेरिकेत असाल तर आधी लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी आत बसून फुकट बघता येतं.